माळावरचे तीन कान

जमिनीवरून निघालेला रेडिओचा एक ठोका सरळ वर जातो, ऐंशी किलोमीटरवरच्या विरळ हवेला भिडतो आणि माघारी येतो. या साऱ्या जाण्या-येण्याला सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग पुरतो. परत आलेला ठोका इतका क्षीण असतो की सुट्या ठोक्याला फारसा अर्थ नसतो. पण असे ठोके रात्रंदिवस, वर्षानुवर्षे पाठवत राहिले आणि त्यांचा पडसाद ऐकायला तीन वेगळ्या जागी तीन अँटेना उभ्या केल्या, तर वर वारा कुठून कुठे आणि किती वेगाने वाहतो आहे ते सांगता येते. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात हे काम १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने तिथे उभारलेल्या यंत्राला एमएफ रडार म्हणतात. त्याची वारंवारता १.९८ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे दीडशे मीटर. आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्या पट्ट्याला अगदी लागूनच हा आकडा येतो.

साठ ते शंभर किलोमीटर उंचीवरच्या हवेच्या पट्ट्याचे दुखणे जुने आहे. हवामान खात्याचा फुगा तीस-पस्तीस किलोमीटरवर फुटतो. उपग्रहाला एवढ्या खालच्या थरात टिकता येत नाही, हवेच्या घर्षणाने तो खाली येतो. थुंब्याहून १९६३पासून उडू लागलेले अग्निबाण या पट्ट्यातून जात, पण काही मिनिटांत पार होत. उल्का जिथे जळतात, रात्रीच्या हवेला स्वतःचा मंद हिरवट उजेड जिथे असतो, त्या थराची सलग नोंद ठेवायची तर जमिनीवरून रेडिओलहरींनी चाचपण्याखेरीज फारसे मार्ग नव्हते. आणि चाचपायचे म्हणजे परत आलेली लहर नक्की कशावरून आणि कशी परतली, हे आधी उमगायला हवे.

ते उमगायला पन्नास वर्षे लागली. सुरुवातीला सगळ्यांनी एकच सोपा शब्द वापरला, आरसा.

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने इंग्लंडच्या पोल्ढू गावातून पाठवलेला संकेत अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचे जाहीर केले. पृथ्वी गोल आणि रेडिओलहर सरळ जाणारी. मग ती क्षितिजापलीकडे वळली कशी? पुढच्याच वर्षी अमेरिकेत आर्थर केनेली आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड या दोघांनी, एकमेकांशी संबंध न येता, एकच तर्क मांडला की वर विजेचे वहन करणारा एखादा थर असला पाहिजे. तर्काचा पुरावा मिळायला १९२४चा डिसेंबर उजाडला. एडवर्ड ॲपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी बोर्नमथच्या बीबीसी केंद्राची तरंगलांबी हळूहळू बदलायला लावली आणि ऑक्सफर्डमध्ये बसून संकेताचे चढउतार मोजले. जमिनीवरून आलेली लहर आणि वरून परतलेली लहर कधी एकमेकींना साथ देत, कधी एकमेकींना मारत. त्या चढउतारांच्या संख्येवरून थराची उंची निघाली, सुमारे नव्वद किलोमीटर. ॲपलटनला १९४७ साली नोबेल मिळाले ते या वाटेवरच्या कामासाठी.

महाराष्ट्रात या आरशाचा व्यापारी उपयोग फार लवकर झाला. १९२७ साली इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने पुण्याजवळ खडकीला तारा पाठवणारे आणि दौंडला तारा घेणारे केंद्र उभारून मुंबई-लंडन 'बीम' सेवा सुरू केली. इंग्लंडमधली जोडीदार केंद्रे ग्रिम्सबी आणि स्केगनेसजवळ होती. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलशी ही सेवा स्पर्धा करू लागली. या केंद्रांत उंच मनोऱ्यांमध्ये तारांचा पडदा टांगलेला असे आणि त्याच्या मागे ठरावीक अंतरावर तारांचा दुसरा पडदा. मागचा पडदा लहर अडवून पुढे ढकलायचा, म्हणजे सगळी ताकद इंग्लंडच्या दिशेने जाई. तेव्हा इथे दोन परावर्तक कामाला होते. एक माणसाने मोजूनमापून टांगलेला, दुसरा आयनांबराचा, म्हणजे वरच्या त्या वीजवाहक थराचा, ज्यावर कुणाचा हात चालत नव्हता. दिवसा वेगळी तरंगलांबी, रात्री वेगळी. आकाश बदलले की खडकीने बदलायचे, एवढेच हातात होते.

पुढच्या पिढ्यांना हा बदल घरोघरी कानांनी ठाऊक झाला. दिवसा रेडिओवर जवळचे केंद्र तेवढे लागे. कोल्हापूरकरांसाठी ते १९६३ साली सुरू झालेले आकाशवाणीचे सांगली केंद्र. अंधार पडला की सुई थोडी सरकवताच दूरदूरच्या भाषा खरखरत येऊ लागत. कारण साठ ते नव्वद किलोमीटरमधला 'डी' थर उन्हाने तयार होतो आणि मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य गेला की तो विरतो आणि लहरी वरच्या थरापर्यंत पोचून खाली परततात. रेडिओ सिलोनवरची गीतमाला ऐकताना आवाज मध्येच फुगे, मध्येच बुडून जाई. लोक सुई हलवत, एरियलची तार चाचपत. दोष ना संचाचा होता ना तारेचा. एकाच गाण्याच्या लहरी आकाशातल्या अनेक जागांवरून थोड्या मागेपुढे येऊन पोचत होत्या आणि त्यांची बेरीज क्षणाक्षणाला बदलत होती.

गुळगुळीत आरसा असता तर असे झाले नसते. फुगणारा-बुडणारा आवाज हीच साक्ष होती की वरचा पृष्ठभाग ओबडधोबड आहे, शिवाय तो हलतो आहे. तार खात्याला आणि श्रोत्याला ही कटकट वाटली. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या एस. एन. मित्रा या भारतीय संशोधकाने ती माहिती मानली. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा विषयच होता आयनांबरातले वारे रेडिओने मोजण्याची रीत. थोड्या अंतरावर तीन ग्राहक ठेवायचे आणि आवाजाचा एकच चढउतार कुणाकडे आधी येतो, कुणाकडे नंतर, ते पाहायचे. पुढच्याच वर्षी ब्रिग्ज, फिलिप्स आणि शिन या तिघांनी या नोंदींचे गणित पक्के केले. १९५३ साली ऑस्ट्रेलियात गार्डनर आणि पॉसी यांनी त्याही खालच्या, म्हणजे डी थरातल्या अगदी फिकट पडसादांची नोंद केली. तिथे लहर पूर्ण परत फिरत नाही. हवेच्या घनतेतल्या, इलेक्ट्रॉनांच्या संख्येतल्या बारीक चढउतारांवरून तिचा लहानसा अंश मागे येतो, बाकीची पुढे निघून जाते. याला आंशिक परावर्तन म्हणतात. कोल्हापूरचे रडार जगते ते या अंशावर.

ज्या संस्थेने ते उभारले तिची मुळे कुलाब्याच्या वेधशाळेत आहेत. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापलेल्या त्या वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे दिसताच चुंबकीय उपकरणांना ती वीज बाधणार, हे संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखले आणि समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४पासून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून मालिका तुटू नये. एवढी काळजी घेणाऱ्यांच्या वारसांना १९७१ साली स्वायत्त संस्थेचे रूप मिळाले. वरच्या थरातला वारा मोजायला त्यांनी आधी तिरुनेलवेली निवडले. ते विषुववृत्ताजवळचे, ८.७ अंश उत्तर. तिथले रडार १९९२च्या अखेरीस सुरू झाले. त्याच धर्तीचे दुसरे रडार १६.८ अंशांवर कोल्हापूरला आले. दोहोंमध्ये जवळजवळ हजार किलोमीटर. एकाच आकाशाची दोन टोके अशी हातात आली.

आता या तीन अँटेनांचे काम नेमके कसे चालते ते पाहू, कारण या विषयातली सगळी गंमत तिथे आहे.

उसाच्या फडांवरून ढगांच्या सावल्या सरकताना पंचगंगेच्या काठच्या कुणीही पाहिल्या असतील. तीन बांधांवर तीन माणसे उभी करावीत आणि सावली आपल्यावर आली की प्रत्येकाने वेळ टिपावी. तिघांच्या वेळांतल्या फरकावरून सावलीची दिशा आणि वेग दोन्ही निघतात. रडारच्या अँटेना हीच तीन माणसे. वरून परतलेल्या लहरींची जमिनीवर एक अदृश्य नक्षी पडते. कुठे लहरी जुळून संकेत जोरदार, कुठे एकमेकींना खाऊन मंद. वरची हवा वाऱ्याबरोबर सरकली की नक्षीही सरकते.

मात्र ती सावलीसारखी साध्या वेगाने सरकत नाही. दिवा आणि भिंत यांच्या बरोबर मध्यावर हात धरून हलवला, तर भिंतीवरची सावली हाताच्या दुप्पट वेगाने धावते. रडारमध्ये पाठवणारी अँटेनाही जमिनीवर आणि ऐकणारीही जमिनीवर. वरची हवा लहरीच्या वाटेच्या बरोबर मध्यावर येते. म्हणून जमिनीवरची नक्षी वाऱ्याच्या दुप्पट वेगाने पळते. समजा वर सेकंदाला पन्नास मीटर वारा आहे आणि दोन अँटेनांमध्ये १८० मीटर अंतर आहे. नक्षी सेकंदाला शंभर मीटर पळेल आणि एका अँटेनावरचा चढ दुसरीवर १.८ सेकंदांनी उमटेल. या दोन आकड्यांचा हिशेब कुणालाही पाटीवर करता येईल.

पण ढगाची सावली सरकता सरकता आकारही बदलते. दुसऱ्या बांधावरच्या माणसाला जी कड दिसते ती पहिल्याने पाहिलेलीच असेल असे नाही. नुसत्या वेळेच्या फरकावर विसंबले तर वेग खऱ्यापेक्षा जास्त निघतो. ब्रिग्ज आणि सहकाऱ्यांच्या गणिताचे मोल इथे कळते. तिन्ही नोंदी एकमेकींवर ठेवून, त्या किती जुळतात आणि किती काळाने विसरतात हे मोजून, सरकणे आणि बदलणे त्यांनी वेगळे काढले. कोल्हापूरच्या रडारचा संगणक वाऱ्याचा प्रत्येक आकडा या चाळणीतून काढतो.

वर या साऱ्यात आकाशाचा किती भाग सामील असतो? ज्या वर्तुळातून परतणाऱ्या लहरींच्या वाटेत अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जास्त फरक पडत नाही, तेवढा भाग एकमुखाने बोलतो. दीडशे मीटरची लहर आणि ऐंशी किलोमीटरची उंची धरली तर या वर्तुळाची त्रिज्या सुमारे अडीच किलोमीटर येते. म्हणजे कोल्हापूर शहराचा मधला भाग झाकेल एवढी हवेची चकती प्रत्येक ठोक्याला उत्तर देते. ती सपाट आणि स्थिर असती तर आरशासारखी वागली असती. ती तशी नसते, म्हणून तिच्यातला वारा वाचता येतो. हा आकडा लक्षात असू द्यावा, पुढे तो शहरातल्या भिंतीवर पुन्हा भेटणार आहे.

रात्री डी थर विरतो तेव्हा खालचे पडसाद नाहीसे होतात. दिवसा सत्तर किलोमीटरच्या आसपासपासूनच वारा दिसू लागतो, रात्री मात्र ऐंशीच्या वरून. आणि शंभर किलोमीटरच्या जवळ गेले की लहर इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत रेंगाळते. तिला उशीर होतो आणि ती प्रत्यक्षापेक्षा उंचावरून आल्यासारखी भासते. म्हणून अठ्ठ्याण्णव किलोमीटरच्या वरच्या आकड्यांवर या विषयातले लोक भरवसा ठेवत नाहीत.

या धीराच्या नोंदींतून काय हाती आले, ते शिवाजी विद्यापीठातले ए. के. शर्मा आणि भूचुंबकत्व संस्थेचे एस. गुरुबरन, पी. टी. पाटील व अन्य सहकारी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या कोल्हापूर-तिरुनेलवेली तुलनेत वाचायला मिळते. समुद्राला भरती-ओहोटी असते तशी हवेलाही असते, फक्त तिला चंद्रापेक्षा सूर्य अधिक हलवतो. खालच्या हवेतली वाफ आणि वरचा ओझोन ऊन पितात, तापतात, आणि चोवीस तासांची, बारा तासांची लाट वर चढू लागते. जमिनीजवळ ती जाणवतही नाही. वर हवा विरळ होत जाते तशी तीच लाट मोठी होते आणि नव्वद किलोमीटरवर सेकंदाला दहा मीटरच्या कित्येक पट वेगाने वाऱ्याला मागेपुढे झुलवते. त्याखेरीज वर्षातून दोनदा उलटसुलट होणारा पूर्व-पश्चिम वारा असतो आणि दोन दिवसांचा एक हेलकावाही. कोल्हापुरातूनच रात्री साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेणारा कॅमेरा हवेच्या त्या मंद उजेडातल्या लाटा टिपत असे. रडार वारा सांगे, कॅमेरा त्याच थरातली लाट दाखवी.

या काळात जगातले अभियंते दुसऱ्याच दिशेने निघाले होते. आकाश जसे देईल तसे घ्यायचे, ही शतकभराची सवय होती. परावर्तक आपणच बांधला तर?

बांधण्याची कला महाराष्ट्राला नवी नव्हती. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरलहरी दुर्बिणीत पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही. अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जाड स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी दोऱ्यांसारख्या ताणलेल्या तारांवर बसवली आहे. जाळीची भोके दहा ते वीस मिलिमीटरची, आणि पकडायच्या लहरी वीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंतच्या. लहरीला भोक दिसतच नाही, तिच्या लेखी तो सलग पत्रा असतो. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. आंध्रात गडांकीच्या रडारने वेगळी युक्ती केली. १०२४ अँटेना एकशे तीस मीटरच्या चौकात जमिनीवर खिळलेल्या आहेत, तरी झोत हवा तिकडे वळतो. प्रत्येक अँटेनाला लहर थोडी उशिरा किंवा थोडी लवकर दिली की सगळ्यांची बेरीज तिरकी निघते. लहरीच्या या मागेपुढे असण्याला मराठीत फार सुरेख शब्द आहे, कला. चंद्राला असते तीच.

या दोन युक्त्या एकत्र आणायच्या, एवढेच उरले होते. पत्रा सपाट ठेवायचा, पण त्याचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाने परतवलेल्या लहरीची कला वेगळी ठेवायची. १९६३ साली अमेरिकेत बेरी, मेलेक आणि केनेडी यांनी अशा परावर्तक-जाळ्याची कल्पना मांडली. २०११ साली हार्वर्डमध्ये फेडेरिको कापासो यांच्या गटाने दाखवले की पृष्ठभागावर कलेचा उतार ठेवला तर शाळेत शिकलेला परावर्तनाचा नियम, आपातकोन बरोबर परावर्तनकोन, तसाच राहत नाही. त्याला उताराची पुरवणी जोडावी लागते. २०१४ साली चीनमध्ये तिए जुन त्सुई आणि सहकाऱ्यांनी चौकोनांत चालू-बंद होणारे डायोड बसवून त्यांना शून्य आणि एक अशा दोन कला दिल्या. संगणकाने शून्य-एकची रांगोळी बदलली की झोताची दिशा बदले. यातूनच पुढे रिकॉन्फिगरेबल इंटेलिजंट सरफेस हे लांबलचक नाव आले. तंत्रज्ञ त्याला रिस म्हणतात. मराठीत बदलता परावर्तक म्हणायला हरकत नसावी.

त्याची गरज का पडली, हे कोल्हापूरला समजावून सांगावे लागत नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवात नोव्हेंबरच्या आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या ठरलेल्या दिवशी मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात आणि दिवसागणिक मूर्तीच्या चरणांपासून मुखाकडे चढत जातात. वाटेत एखादी इमारत उंच झाली, हवेत धूळ किंवा दमटपणा वाढला की किरणे तोकडी पडतात. या वाटेवरच्या अडथळ्यांची मोजमापे शहरात पुन्हा पुन्हा झाली आहेत, आणि वाट मोकळी राहावी हा आग्रह रास्तच आहे. मोबाइलच्या नव्या लहरींचे वागणे अशाच किरणांसारखे होत चालले आहे. २०२२ साली भारतात ५जीसाठी लिलावात आलेल्या २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तरंगलांबी जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. भिंत आली, झाड आले, माणूस आडवा आला की लहर अडते. दीडशे मीटरच्या लहरीला जे दिसतही नाही ते हिला डोंगराएवढे.

मग अडलेल्या गल्लीच्या तोंडाशी, समोरच्या भिंतीवर बदलता परावर्तक लावायचा. चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या गावात याची उपमा शोधायला लांब जायला नको. उघड्यावर चित्रीकरण चालले असताना चंदेरी कागद लावलेली फळी घेऊन एक माणूस उभा असतो. सूर्य सरकला की तो फळी थोडी कलती करतो आणि नटाच्या चेहऱ्यावरची सावली जाते. रिस ही न कलणारी फळी आहे. ती जागेवर खिळलेली असते, कलते ते तिच्या चौकोनांतले विजेचे वागणे.

मात्र हिशेब मांडायला बसले की आरसा या शब्दाने पुन्हा घोळ घातला. आरशात पडलेले प्रतिबिंब जणू सलग वाटेने आल्यासारखे फिके होते. मोबाइलच्या मनोऱ्यापासून भिंतीपर्यंत पन्नास मीटर, भिंतीपासून फोनपर्यंत पन्नास. शंभर मीटर चालल्याइतका संकेत उतरायचा. बऱ्याच जणांनी असेच गृहीत धरले. २०२०च्या सुमारास स्वीडनमधले एमिल ब्योर्नसन, एरिक लार्सन आणि सहकारी यांनी दाखवून दिले की ठरावीक आकाराचा पृष्ठभाग आरसा नसतो. तो लहर पकडून पुन्हा फेकणाऱ्या ठिपक्यांचा समूह असतो. पकडताना पन्नास मीटरच्या वर्गाने उतार, फेकताना पुन्हा पन्नासच्या वर्गाने, आणि दोन्हींचा गुणाकार. त्याची भरपाई ठिपक्यांच्या एकीतून होते. ठिपके दुप्पट केले आणि साऱ्यांची कला जुळवली तर फोनपर्यंत पोचणारी शक्ती चौपट होते. त्याच सुमारास चीनमध्ये वानकाय तांग आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पृष्ठभाग उभे करून हे उतार मोजले.

मग भिंतीवरचा तुकडा आरसा कधी होतो? इथे कोल्हापूरच्या आकाशातले ते वर्तुळ परत भेटते. तेच सूत्र, फक्त आकडे शहरातले. दोन्हीकडे पन्नास मीटर आणि ३.५ गिगाहर्ट्झची लहर धरली तर त्रिज्या सुमारे दीड मीटर येते. २६ गिगाहर्ट्झला अर्ध्या मीटरहून थोडी अधिक. त्याहून लहान पृष्ठभाग एका ठिपक्यासारखा वागतो, बराच मोठा असेल तर आरशासारखा. आकाशात अडीच किलोमीटर, भिंतीवर अर्धा मीटर, आणि मध्ये फरक तेवढा तरंगलांबीचा आणि अंतराचा.

दुसरी अडचण चौकोनांच्या स्वभावाची. प्रत्येकाला हवी ती कला देता आली तर उत्तम. पण डायोड चालू किंवा बंद एवढ्या दोनच कला असतील तर हव्या दिशेला मिळायच्या शक्तीतला सुमारे चाळीस टक्केच भाग पोचतो. चार कला दिल्या की तो एक्क्याऐंशी टक्क्यांवर जातो. उरलेला भाग कुठे जातो, हा प्रश्न प्रतिमान बांधणाऱ्यांनी बराच काळ बाजूला ठेवला होता. दुसऱ्या घराच्या खिडकीत जाऊन तिथल्या संकेतात तो ढवळाढवळ करत असेल तर तो बाजूला ठेवता येत नाही.

२०२२ साली बोलोन्या विद्यापीठाचे वित्तोरियो देग्ली-एस्पोस्ती आणि सहकारी यांनी मांडलेल्या प्रतिमानात या उरलेल्या भागाला हक्काची जागा मिळाली. पृष्ठभागावर पडलेल्या शक्तीचा त्यांनी जमाखर्च मांडला. काही भाग साध्या आरशाच्या नियमाने परततो, काही हव्या दिशेला वळतो, काही नको त्या ठरावीक दिशांना फुटतो, काही आरपार जातो, काही उष्णता होऊन संपतो. आणि एक भाग चौकोनांतल्या बारीक दोषांमुळे, असमानतेमुळे चोहीकडे विखुरतो. साऱ्यांची बेरीज पडलेल्या शक्तीइतकीच भरली पाहिजे. पृष्ठभागाचा एकेक डायोड न मोजता शहरभराच्या लहरींचा हिशेब संगणकावर करायचा, तर असा ताळेबंद लागतो. इमारतींच्या विटा, खिडक्या, गज यांवरून लहरी कशा विखुरतात याचा अभ्यास याच गटाने आधी कित्येक वर्षे केला होता. भिंतीवरच्या नव्या यंत्रासाठी जुन्या भिंतींचे ज्ञान असे उपयोगी पडले.

खडकीच्या तारवाल्याला विखुरलेली लहर म्हणजे वाया गेलेला पैसा होता. गीतमालेच्या श्रोत्याला ती बुडालेले कडवे होती. बदलत्या परावर्तकाच्या अभियंत्याला ती जमाखर्चातली न टळणारी तूट आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या रडारला मात्र तीच हवी असते. एकसंध आरशासारखे स्वच्छ परावर्तन झाले असते तर तिन्ही अँटेनांना सदैव तेच ऐकू आले असते, कुणाला आधी आणि कुणाला नंतर असे काही उरले नसते. संध्याकाळी सूर्य पन्हाळ्याच्या बाजूला उतरतो, वरचा डी थर विरू लागतो, सत्तर किलोमीटरवरचे पडसाद एकेक करून मावळतात. ऐंशीच्या वरचे तेवढे राहतात, आणि त्यांतून दिसणारा वारा सकाळी ज्या दिशेला होता त्याच्या उलट वळलेला असू शकतो.